ओळखील का गं ती मला

माझी मुलगी पाच महिन्यांची झाली आणि तिला घेऊन बंगळूरला परत जायचं तिकीट निघालं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त धास्ती घेतली ती अण्णांनी. अण्णा म्हणजे माझे वडील. विमानात ते कधी बसलेले नाहीत. त्यांचा जन्मभराचा प्रवास कंपनीच्या बसमधला. सकाळी हर्सूलहून निघायचं, पैठण रोडनं चितेगावला जायचं, तिथल्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करायच्या आणि दिवेलागणीला परत. एवढ्याशा लेकराला ढगात न्यायचं ही कल्पनाच त्यांना पटत नव्हती. "रेल्वेनं गेलं तर काय बिघडतं?" असं त्यांनी विचारलं. रेल्वेला किती वेळ लागतो हे सांगितल्यावर म्हणाले, "मग लागू दे की. तिला कुठं ड्युटीवर जायचंय?"

ड्युटीवर मला जायचं होतं. रजा संपत आली होती. नवरा तिकडं एकटा होता, रोज फोनवर लेकीचा आवाज ऐकायचा आणि कधी येता, कधी येता करायचा. त्याचंही बरोबर होतं. या सगळ्यात सगळ्यांचंच बरोबर होतं, म्हणून तर माझी चिडचिड व्हायची. भांडायला कुणी सापडतच नव्हतं.

खरं तर बाळंतपणाला माहेरी यायचं की नाही, हाच आधी प्रश्न होता. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. सासूबाई बंगळूरला यायला तयार होत्या. मी अण्णांना फोनवर तसं सांगितलं, ते त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पहिलं बाळंतपण माहेरात असतंय." मी म्हणाले, "अण्णा, माहेर म्हणजे आई असते." माझ्या जिभेला हाड नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण हे बोलून गेल्यावर मलाच कसंतरी झालं. अण्णा मात्र शांतपणे म्हणाले, "मग मी काय इथला भाडेकरू हाय व्हय?" आणि विषय संपला.

बाळंतपण अण्णांनी केलं. हे वाक्य मी बंगळूरच्या मैत्रिणींना सांगते तेव्हा त्यांना वाटतं, दवाखान्यात नेणं-आणणं केलं असेल. तसं नाही. सगळं केलं. अळिवाची खीर केली, शेगडी पेटवून शेक दिला, ओव्याची धुरी दिली आणि त्या धुरीनं स्वतःच खोकून खोकून बेजार झाले. डिंकाचे लाडू केले, ते फोडायला खलबत्त्यातला बत्ता लागायचा. मी लाडू आपटून आवाज केला की म्हणायचे, "लोखंड असतंय त्याच्यात. डॉक्टरनं लोखंडच कमी सांगितलंय ना तुला?"

बाळाला न्हाऊ घालायला शिकवलं ते शेजारच्या चाचींनी. चाचींचं घर आमच्या भिंतीला लागून. आई होती तोवर दोघींची भांडी या घरातून त्या घरात फिरत असायची, रिकामं भांडं परत द्यायचं नाही म्हणून कधी कुणाचं भांडं कुणाकडं आहे तेच कळायचं नाही. पहिल्या दिवशी अण्णांनी पोरीला हातात घेतलं ते पाहून चाचींनी कपाळाला हात लावला. "भाईसाब, ऐसा नक्को पकडो. बच्ची है, पाना-पक्कड नइं." अण्णा लगेच पकड सैल करायचे, मग चाची ओरडायच्या की आता सोडून द्याल. आठवडाभरात मात्र त्यांचा हात बसला. पायांवर आडवी घेऊन ते तिला तेल लावायला लागले की ती डोळे मिटून पडून राहायची, आणि अण्णा कारखान्यातल्या गोष्टी सांगायचे. कुठली मशीन कधी बंद पडली, कुठल्या साहेबाला काय कळत नव्हतं. तिला त्यांनी नाव ठेवलं होतं मॅनेजर साहेब. "काम काय करायचं नाय, सगळ्यांना पळवायचं, आन् वरडायचं. मग मॅनेजरच की."

एखादी गोष्ट अडली की ते मला विचारायचे, "तुझ्या आईनं काय केलं असतं?" मला काय माहीत? मी तरी कुठं आधी बाळंतीण झाले होते? पण मी काहीतरी आठवायचे, ते काहीतरी आठवायचे. मामेबहिणीच्या वेळी आईनं टाळू भरताना तेल कोमट केलं होतं, कुणाच्या तरी बारशाला तिनं वेखंड उगाळलं होतं, असं करत करत आम्ही दोघं मिळून आईला त्या खोलीत आणायचो. कधीकधी ती इतकी आल्यासारखी वाटायची की मी पाणी मागायला तोंड उघडायचे, आणि मग स्वतःच उठायचे. त्या पाच महिन्यांत मला आईची जितकी आठवण आली तितकी ती गेल्यानंतरच्या महिन्यांतही आली नव्हती. तेव्हा मी नुसती रडत होते. आता ती मला हवी होती, कामाला, हाताशी, माझ्यावर ओरडायला.

दुपारी अण्णा गच्चीवर लंगोट वाळत घालायचे. चिकलठाण्याहून उडालेलं विमान कधी कधी आमच्या बाजूनं जायचं. ते दिसलं की ते मला हाक मारून बाळाला वर आणायला लावायचे आणि तिचं तोंड दोन बोटांनी आभाळाकडं वळवायचे. "बघा साहेब, तुमची कंपनीची बस. आपल्याला त्याच्यात बसायचंय, भ्यायचं नाय." ती विमानाकडं कधीच बघायची नाही. ती अण्णांच्या चष्म्याकडं बघायची, आणि संधी मिळाली की ओढायची.

अशाच एका दुपारी, लंगोटाला चिमटा लावता लावता, माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "ओळखील का गं ती मला?"

"न ओळखायला काय झालं?" मी म्हणाले.

"एवढुशी हाय. मी पाच महिन्यांचा असताना मला कुणी कुणी खेळवलं, ते काय मला आठवतंय?"

मला राग आला. मी म्हणाले, "मग तुम्हीच चला ना आमच्याबरोबर. किती वेळा सांगितलं." हे मी खरंच किती वेळा सांगितलं होतं. ते म्हणाले, "बंगळूरला मी काय करू? तिथल्या रिक्षावाल्याशी भांडता पण येणार नाय मला." मग खाली उतरताना जिन्यात थांबून म्हणाले, "घराला कुलूप लावून जायला जमत नाय अजून. तुझी आई आतच हाय असं वाटतंय." त्यावर मी पुन्हा कधी त्यांना चला म्हणाले नाही. पण त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. त्या दिवसापासून ते रोज सकाळी बाळाला उचलून विचारायला लागले, "मी कोण? आजोबा. कोण? आजोबा." शाळेत पाढे घोकून घेतात तसं. मी आतून ऐकायचे आणि मला त्यांची इतकी दया यायची की मी मुद्दाम भांडी जोरात आपटायचे.

निघायच्या दिवशी सामान त्यांनीच भरलं. मोठी बॅग विमानाच्या पोटात जाणार आणि बाळाची छोटी बॅग माझ्याजवळ राहणार, हे त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. "छोटी बॅग पोरीजवळच राहील ना? नक्की?" मला वाटलं, दुधाची बाटली आणि कपडे हाताशी असावेत म्हणून काळजी. मी हो हो म्हणत राहिले. चाचींनी बाळाची दृष्ट काढली, गालाला काजळाची तीट लावली आणि मला म्हणाल्या, "जाके फोन करना, नइं तो ये भाईसाब मेरा दिमाग खाते बैठेंगे."

चिकलठाण्याचं विमानतळ लहान आहे. दारावर तिकीट आणि ओळखपत्र बघून आत सोडतात, आणि सोडायला आलेल्यांनी तिथूनच मागं फिरायचं. अण्णांनी दारातल्या जवानाला विचारलं की लेकरू आहे सोबत, आतपर्यंत सोडून येऊ का? तो नाही म्हणाला. अण्णांनी मग मॅनेजर साहेबांना शेवटचं घेतलं, "मी कोण?" विचारलं, उत्तरादाखल चष्म्याची एक काडी वाकवून घेतली आणि तिला माझ्या हातात दिलं. मी मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

मोठी बॅग दिली. बाळाला सीट नसते, पण तिच्या नावाचा बोर्डिंग पास मात्र मिळाला. तपासणीच्या ठिकाणी छोटी बॅग पट्ट्यावरून आत गेली, थांबली, मागं आली, पुन्हा आत गेली. पडद्यासमोर बसलेल्या माणसानं दुसऱ्याला बोलावलं. मग खाकी कपड्यातली एक बाई माझ्याकडं आली. "मॅडम, बच्चे के बॅग में लोहे का क्या है?"

"काही नाही. कपडे आहेत बाळाचे," मी हिंदीत ठणकावून सांगितलं. मागं रांग थांबलेली, पोरगी कुरकुरायला लागलेली. मी वर हेही म्हणाले की तुमचं मशीन बिघडलं असेल. मशिनी दुरुस्त करणाऱ्याची मुलगी आहे मी, मला वाटतं तेवढा हक्क आहे.

बाईनं बॅग उघडली. दुपटी काढली, कुंची काढली, टोपडी काढली. तळाशी आईच्या जुन्या साडीची छोटी गोधडी होती. तिची घडी उलगडली तर आत अण्णांचा पांढरा रुमाल, गाठ मारलेला. गाठ सुटली आणि आतून अडकित्ता निघाला. पितळी दांड्यांचा, लोखंडी पात्याचा, आईचा.

"ये क्या है?"

"सुपारी काटने का," मी म्हणाले.

"बच्चा सुपारी खाता है?"

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. आमच्याकडं तान्ह्या लेकराच्या उशाशी लोखंड ठेवतात. विळा, सुरी, अडकित्ता, घरात असेल ते. लेकराला घेऊन वेस ओलांडायची असेल तर दुपट्यात खोचून सोबत न्यायचं, म्हणजे वाटेत काही बाधत नाही. माझ्या जन्माच्या वेळी आईनं हाच अडकित्ता माझ्या उशाशी ठेवला होता, आणि तिची यावरून अण्णांनी जन्मभर थट्टा केली होती. "सटवाई अडकित्त्याला भेती व्हय? मग मी पाना ठिवतो, पाना मोठा असतोय." आई चिडायची. ते आणखी म्हणायचे. अण्णांनी कधी लिंबू-मिरची बांधू दिली नाही, अमावास्या पाळू दिली नाही, मांजर आडवं गेलं तर मांजराला आधी जाऊ दे म्हणायचे. त्या माणसानं माझ्या लेकीच्या गोधडीत अडकित्ता लपवला होता.

मी त्या बाईला मोडक्या हिंदीत हे सांगायला लागले तर तिनं मला अर्ध्यातच थांबवलं. "हमारे गाँव में चाकू रखते हैं, तकिये के नीचे." तिचा चेहरा मऊ झाला. मग पुन्हा ड्युटीचा आवाज काढून म्हणाली की विमानात मात्र हे जाणार नाही. मोठी बॅग गेलेली होती. एक तर हे इथं सोडा, नाहीतर बाहेर कुणी असेल तर देऊन या, वेळ कमी आहे. विमान कंपनीची एक मुलगी माझ्याबरोबर आली आणि मी कडेवर पोर, हातात अडकित्ता अशी दाराकडं पळाले.

अण्णा गेले नव्हते. काचेच्या पलीकडं, सावली सोडून उन्हात उभे होते, कारण तिथून आतलं दिसत होतं. मला परत येताना पाहून त्यांचा चेहरा क्षणभर इतका उजळला की मला ते बघवलं नाही. मग त्यांना माझ्या हातातली वस्तू दिसली.

"हे काय आहे, अण्णा?"

"मला काय माहीत? तुझ्या आईनं ठिवला असंल."

त्यांनी मान दुसरीकडं वळवली. "ती असती तर तिनं ठिवलाच असता ना? ती नाय, म्हणून मी ठिवला. मी काय मानतो व्हय असलं? पण इमान किती वेशी वलांडतंय, काय हिशोब हाय का त्याला?"

मी तिथंच, दारात, लोकांच्या ट्रॉल्यांमध्ये उभी राहून रडायला लागले. पाच महिने मी आईला आठवत होते तेव्हा मला वाटत होतं की तिच्यावाचून माझंच अडलंय. हा माणूस जन्मभर जिची थट्टा केली तिचं काम उरकत होता, तिच्या पद्धतीनं, चोरून. अण्णांनी अडकित्ता माझ्या हातातून काढून घेतला, खिशात टाकला आणि मला म्हणाले, "वर जाताना दूध पाज तिला. कान दुखत नाय मग. मी विचारून घेतलंय चार जणांना. जा आता, साहेबांची बस चुकंल."

विमानात मला खिडकी मिळाली. हवाई सुंदरीनं बाळासाठी वेगळा छोटा पट्टा आणून माझ्या पट्ट्यात अडकवला. शेजारी लॅपटॉपवाले एक गृहस्थ होते. त्यांनी पोरीकडं असं बघितलं की ती अजून रडलीही नव्हती तरी मी त्यांच्याकडं डोळे वटारून ठेवले. विमान धावायला लागलं तसं मी तिला पदराखाली घेतलं. ती प्यायली, वर जाताना एकदा दचकली, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा प्यायला लागली. रडली नाही. चार जणांना विचारून घेतलेला सल्ला कामी आला. खाली पाण्याचा एक तुकडा चमकला, तो हर्सूलचाच तलाव असं मी ठरवून टाकलं, आणि त्याच्या अलीकडं कुठंतरी आमची गच्ची. अण्णा अजून विमानतळाच्या बाहेर मान वर करून उभे असणार हे मला माहीत होतं. मला उलटं फिरून खाली जायचं होतं. असं पोटातून, लहान मुलासारखं जायचं होतं. मग ढग आले आणि पोरगी झोपली, शेजारच्या गृहस्थांनी आपणहून हाताची जागा मोकळी करून दिली.

बंगळूरला पोचल्यावर मी एकच पण केला. ती अण्णांना विसरणार नाही. काहीही झालं तरी रोज दिवेलागणीला व्हिडिओ कॉल. ऑफिसची मीटिंग असली तरी मी उठायचे. नवरा म्हणायचा, एखाद्या दिवशी राहू दे. मी म्हणायचे, नाही राहू द्यायचं. अण्णांना फोन धरायचा कसा हे कधीच जमलं नाही. पडद्यावर निम्मं कपाळ, एक भिवई आणि एक कान दिसायचा, बाकी सगळं छताचा पंखा. मी ओरडायचे, "अण्णा, लांब धरा." ते लांब धरायचे, मग त्यांना दिसायचं नाही, म्हणून पुन्हा जवळ आणायचे. "मॅनेजर साहेब, जेवलात का? ड्युटी कशी चाललीय?" पोरगी त्या कपाळाकडं बघून खुदखुदायची. बसायला लागली, रांगायला लागली, आणि फोन वाजला की जिथं असेल तिथून रांगत यायची. पडद्याचे मुके घ्यायची, चाटायची. अण्णा पलीकडून म्हणायचे, "आरं, ओला झालो की मी."

तिचा पहिला शब्द होता आजो. आई नाही, पप्पा नाही. मी अण्णांना तो ऐकवला तेव्हा पडद्यावर नुसता पंखा फिरत राहिला. मग मी त्यांना हेही सांगितलं की आता ती कुठलाही फोन बघितला की आजो म्हणते. दूधवाल्याच्या हातातला, शेजारणीच्या हातातला, बंद पडलेला असला तरी. "फोन बघितला की माझं नाव घेती व्हय?" अण्णा इतके खूश झाले की त्यांनी ते चाचींना भिंतीवरून ओरडून सांगितलं. मीही खूश होते. मला त्यात काही खटकलं नाही.

पहिल्या वाढदिवसाला आम्ही परत आलो. नवरा दोन दिवसांनी येणार होता, म्हणून याही वेळी विमानात मी आणि ती. जाताना जी माझ्या मांडीवर मावत होती ती आता मांडीवर राहायला तयार नव्हती. तिला सीटच्या मधल्या वाटेनं चालायचं होतं, पुढच्या बाईंचे केस धरायचे होते, खिडकीवर थापट्या मारायच्या होत्या. फोन बंद करा अशी सूचना झाली तेव्हा आसपासच्या सगळ्यांनी आपापले फोन काढले, आणि ती मांडीवर उभी राहून एकेकाकडं बोट दाखवत म्हणाली, "आजो. आजो. आजो." लोक हसले. मी सगळ्यांना अभिमानानं सांगितलं की आजोबांकडंच चाललोय आम्ही. उतरताना तिचे कान दुखले आणि ती जोरात रडली, तेव्हा मी तिच्या कानात म्हणत होते, "आता आजोबा भेटणार. खरे आजोबा."

अण्णा बाहेर उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नवा चष्मा, दाढी गुळगुळीत. मी ट्रॉली सोडून तिला पुढं केलं. त्यांनी दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "या साहेब."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत एक आख्खा, उंच, अनोळखी माणूस. तिचा ओठ बाहेर आला, तिनं माझ्या मानेत तोंड खुपसलं आणि अशी किंकाळी फोडली की आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. अण्णांनी हात लगेच मागं घेतले. एक खिशात घातला, दुसऱ्यानं ट्रॉली धरली. "बरोबर हाय तिचं," ते म्हणाले. "प्रवासानं दमली."

रिक्षात ते पुढं ड्रायव्हरशेजारी चिकटून बसले. सगळ्या रस्त्यात एकदाही मागं वळले नाहीत, कारण वळले की ती रडायची. मी त्यांच्या मानेकडं बघत होते. मान ताठ ठेवली होती त्यांनी.

घरी आल्यावर मी म्हणाले की तासाभरात होईल ओळख. झाली नाही. त्यांनी खुळखुळा आणून ठेवला होता, तो त्यांच्या हातातून तिनं घेतला नाही. तेल कोमट करून ठेवलं होतं, पण ते जवळ आले की ती माझ्या पायाला मिठी मारायची. दुसऱ्या दिवशी चाची आल्या तर कार्टी हसत त्यांच्या कडेवर गेली. मला तिला एक चापट मारावीशी वाटली. एक वर्षाच्या लेकराला. चाचींना ते कळलं. "रहने दो भाईसाब, आयेंगी. बच्चे ऐसेच रहते," त्या म्हणाल्या. अण्णा हो हो म्हणाले. तिला मी भरवायला बसले की ते खोलीतून उठून जायचे, तिनं नीट जेवावं म्हणून. स्वतःच्या घरात कडेकडेनं फिरत होते. मी त्यांना वचन दिल्यासारखं होतं, ओळखील की, न ओळखायला काय झालं. त्यांनी मला त्याची आठवण करून दिली नाही, एका शब्दानंही नाही.

त्या संध्याकाळी मी तिला घेऊन बाहेरच्या खोलीत बसले होते. अण्णा आत होते, चहाचं बघतो म्हणून गेले होते. माझा फोन वाजला. पडद्यावर अण्णांचं नाव. मला वाटलं, त्यांच्या हातून चुकून लागला. मी उचलला. निम्मं कपाळ, एक भिवई, एक कान.

"आजो," पोरगी ओरडली. हातातला डबा टाकून रांगत आली, फोन माझ्याकडून ओढून घेतला आणि पडद्याचा मुका घेतला. पुन्हा घेतला. हसता हसता आडवी झाली.

"मॅनेजर साहेब," फोनमधले अण्णा म्हणाले, आणि तेच शब्द भिंतीपलीकडूनही आले, जरा आधी. "आलात व्हय गावाकडं? प्रवास कसा झाला? रडला नाय ना इमानात?"

ती त्यांना सगळं सांगायला लागली, तिच्या भाषेत, हात उडवत. मी तिला फोनसकट उचललं. माझ्या मनात आलं की अशीच घेऊन जावी आत, तिला दाखवावं, हा बघ, हा तोच आहे, हाच कान, हेच कपाळ. मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. अण्णा ओट्याला टेकून फरशीवर बसले होते, दाराकडं पाठ करून, फोन तोंडाजवळ धरून. वर गॅसवर चहा उकळून उतू गेला होता आणि त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. पडद्यातलं चित्र हललं तसं त्यांना कळलं असावं.

"इकडं नको आणू तिला," ते मागं न बघता हळूच म्हणाले. "हसती हाय. हसू दे थोडं."

मी मागं फिरले आणि तिला घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.